पोथीत न मावलेल्या बायका

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, 'उत्पत्ती'च्या चौतिसाव्या अध्यायात, दीना नावाची एक मुलगी आहे. याकोब आणि लेआ यांची लेक. एके दिवशी ती त्या मुलखातल्या बायकांना भेटायला म्हणून बाहेर पडते. तिथल्या सरदाराचा मुलगा शखेम तिला पाहतो, धरून नेतो, भ्रष्ट करतो. मग तिच्यातच जीव गुंतला म्हणून बापाला मागणी घालायला पाठवतो. दीनाचे भाऊ अट घालतात की आधी गावातल्या सगळ्या पुरुषांनी सुंता करून घ्यावी. गाव तयार होतं. तिसऱ्या दिवशी सगळे दुखण्याने अंथरुणाला खिळलेले असताना शिमोन आणि लेवी हे दोघे भाऊ तलवारी घेऊन शिरतात, गावातला एकूण एक पुरुष कापून काढतात आणि बहिणीला घेऊन परत येतात. जिच्यापायी एवढं महाभारत घडलं ती दीना या अख्ख्या अध्यायात एक शब्दही बोलत नाही. तिला काय वाटलं, तिला परत यायचं होतं का, पुढे तिचं काय झालं, काही कळत नाही. बारा अध्याय उलटल्यावर मिसर देशाला निघालेल्या कुटुंबाच्या यादीत तिचं नाव एकदा येतं, आणि विषय संपतो.

१९९७ साली अनिता डायमंट या अमेरिकन लेखिकेने या मुक्या मुलीच्या तोंडून एक अख्खी कादंबरी वदवली. तिचं नाव 'द रेड टेंट'. कादंबरीत याकोबाच्या चारही बायका, लेआ, राहेल, जिल्पा आणि बिल्हा, दीनाच्या आयाच होतात. पाळीच्या दिवसांत आणि बाळंतपणात बायकांनी एकत्र राहायचा एक लाल तंबू असतो. तिथे दीना सुईणपण शिकते, घराण्याच्या गोष्टी ऐकते. शखेमशी तिचं नातं लेखिका जबरदस्तीचं न ठेवता प्रेमाचं करते, आणि मग भावांनी केलेली ती कत्तल बहिणीच्या नवऱ्याची कत्तल होऊन बसते. पुढे दीना मिसरात जाते आणि नावाजलेली सुईण होते. सुरुवातीला पुस्तक फारसं खपलं नव्हतं. उरलेल्या प्रती रद्दीत काढायची वेळ आली, तेव्हा त्या यहुदी धर्मगुरूंना भेट म्हणून धाडल्या गेल्या. तिथून बायकांच्या वाचनगटांत पुस्तक हातोहात फिरलं, आणि २०१४ मध्ये त्यावर दूरचित्रवाणी मालिकाही निघाली.

असा लाल तंबू बायबलमध्ये नाही. पण तो निव्वळ हवेतूनही आलेला नाही. दीनाच्या अध्यायाच्या थोडं आधी राहेलची एक चोरी आहे. माहेर सोडताना ती बापाचे देव उचलते आणि उंटाच्या खोगिरात लपवून त्यावर बसून राहते. बाप झडती घ्यायला येतो, तर ती सांगते की मला उठता येत नाही, मी अडचणीची आहे. बाप मुकाट मागे फिरतो. कादंबरीकाराला एवढी फट पुरते. तरीही तो तंबू मला जरा जास्तच सजवलेला वाटतो. 'कावळा शिवला' म्हणून बाईला पडवीत वेगळं बसवणारी घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या वेगळेपणाचा असा उत्सव सहज पचणार नाही. पण दीनाला बोलतं करायचं तर तिला बसायला कुठेतरी जागा द्यावीच लागते, हेही खरंच.

थक्क व्हायला होतं ते पुढे. आपल्याला वाटतं, धर्मग्रंथातल्या बाईला नायिका करणं ही स्त्रीवादानंतरची टूम आहे. प्रत्यक्षात तिचं वय दोन हजार वर्षांच्या आसपास आहे. दीनाचा भाऊ योसेफ मिसरात मोठ्या पदाला चढला आणि त्याने ओन नगरीच्या पुरोहिताच्या मुलीशी लग्न केलं. तिचं नाव आसनथ. 'उत्पत्ती'त हे नाव तीनदा येतं, तिन्ही वेळा हिशेबापुरतं: लग्न झालं, दोन मुलगे झाले, यादीत नोंद झाली. प्राचीन काळच्या कुणा यहुदी लेखकाने (बहुतेक अभ्यासक इसवी सनाच्या आगेमागेचा काळ धरतात) या तीन उल्लेखांवर ग्रीक भाषेत एक आख्खी प्रेमकथा उभी केली. त्यातली आसनथ अठरा वर्षांची आहे, मनोऱ्यात राहते, सात दासी दिमतीला आहेत आणि पुरुष तिच्या नजरेतही येत नाहीत. योसेफाचं नाव निघताच ती नाक मुरडते. मग खिडकीतून त्याला पाहते आणि पार विरघळते. घरातल्या मूर्ती खिडकीबाहेर फेकते, सात दिवस राखेत बसते. शेवटी स्वर्गातून एक दूत येतो, मधाचं पोळं उघडतो, आणि त्यातल्या मधमाश्या आसनथला वेढून तिच्या ओठांवर नवं पोळं बांधतात! आजच्या एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर समीक्षकांनी जादुई वास्तववाद म्हणून पाठ थोपटली असती.

यहुदी पंडितांनी तर याहून मोठी उडी मारली. पवित्र ग्रंथातल्या मोकळ्या जागा गोष्टींनी भरायची त्यांची जुनी रीत आहे. हजारएक वर्षांपूर्वीच्या अशा एका ग्रंथात त्यांनी सांगून टाकलं की आसनथ ही मुळात मिसरी नव्हतीच. ती दीनाचीच मुलगी. शखेमपासून झालेली. देवदूताने तिला मिसरात पुरोहिताच्या घरी पोचवलं आणि तिथे ती आपल्याच मामाची बायको झाली. पंडितांची अडचण वेगळी होती: योसेफासारख्या पुण्यवंताने परधर्माच्या पुजाऱ्याची लेक कशी केली? ती सोडवताना दोन मुक्या बायका मायलेकी होऊन गेल्या. मामा-भाचीच्या लग्नाचं दक्षिण भारतात कुणाला नवल वाटणार नाही. पण दोन अनाथ ओळी अशा एकमेकींना बांधायची ही कल्पकता पाहून मी तरी वेडा झालो.

याच योसेफाच्या गोष्टीत आणखी एक बाई आहे, त्याच्यावर भाळलेली, पोटीफर या त्याच्या मालकाची बायको. बायबल तिला नाव देत नाही. कुराणातही तिला नाव नाही. जुलेखा हे नाव नंतरच्या परंपरेने दिलं, जामी या फारसी कवीने १४८३ मध्ये तिला आपल्या काव्यात अजरामर केलं, आणि सतराव्या शतकात विजापूरच्या हाशमीने तिची कथा दखनीत आणली. विसाव्या शतकात टोमास मान या जर्मन कादंबरीकाराने योसेफावर चार खंड लिहिले, तेव्हा त्याने तिचं पुन्हा वेगळं, मिसरी वळणाचं बारसं केलं: मुत-एम-एनेत.

बारसं करायचं हे काम आपणही केलेलं आहे, फक्त लक्षात राहिलेलं नाही. कर्णाच्या बायकोचं नाव विचारा. जळगावच्या कुठल्याही वाचनालयातला वाचक क्षणात 'वृषाली' म्हणेल. व्यासांच्या महाभारतात हे नाव नाही. स्त्रीपर्वात रणांगणावर कर्णाच्या प्रेतापाशी लोळण घेऊन रडणारी त्याची बायको आहे. गांधारी ती कृष्णाला दाखवते. पण ती अमक्याची बायको आणि तमक्याची आई एवढ्याच ओळखीवर. तिचं वृषाली हे नाव घरोघर पोचवलं ते शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने, १९६७ साली, आणि नुसतं नाव नव्हे, तिच्या तोंडी कथेचा एक भागही दिला. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं. त्यात कुंती, गांधारी, द्रौपदी आहेत, पण कल्पित संवादांना तिथे जागा थोडीच. जे लिहिलेलं आहे तेच इतकं बारकाईने वाचायचं की बाई आपोआप उभी राहावी. एकाच वर्षातली ही दोन पुस्तकं म्हणजे या खेळाचे दोन टोकांचे डाव. पुढे तारा वनारसे यांनी 'श्यामिनी'त शूर्पणखेची बाजू मांडली. आधी १९५९ मध्ये खांडेकरांनी 'ययाति'त देवयानी आणि शर्मिष्ठा यांना ययातीइतकाच बोलायचा हक्क दिलेला होताच.

धुळ्यात या प्रश्नाकडे पाहायची एक तिसरीच नजर नांदून गेली. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. कागद दाखवा, मग बोला, असा त्यांचा खाक्या. पण याच माणसाने १९०२ साली कादंबरी या वाङ्मयप्रकारावर लांबलचक निबंध लिहिला होता, आणि भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिताना वेदांतल्या व महाभारतातल्या बायकांच्या कथा चक्क पुरावा म्हणून वाचल्या. आदिपर्वात श्वेतकेतूच्या आईला एक परका ब्राह्मण हाताला धरून घेऊन जातो, मुलगा संतापतो, बाप म्हणतो ही जुनीच रीत आहे, आणि मुलगा नवा नियम घालतो. विवाहाच्या इतिहासाला ही कथा मोलाची. कादंबरीकाराला मात्र वेगळंच खुपतं: त्या प्रसंगात आईला नाव नाही, आणि जायचंय की नाही हे तिला कुणी विचारलेलं नाही. दीनाची सख्खी बहीण शोभावी ती.

मराठीत बायबलमधल्या बायका कादंबरीच्या किती तरी आधी ओवीतून आल्या. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने गोव्यात राहून जवळपास अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' रचलं. १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं. एवा, मरिया आणि बाकीच्या साऱ्या जणी त्यात ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात चालतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या बेने इस्राएल समाजाने बायबलच्या आख्यानांवर मराठी कीर्तनं रचली. आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर पडला, आणि त्याचे खिळे जुळवण्यापासूनची कामं मुक्तिसदनातल्या बायकांनी केली होती. पोथीतल्या बायकांची गोष्ट बायकांनीच भाषांतरली, जुळवली आणि छापली, असं जगात फार ठिकाणी घडलेलं नसावं.

खानदेशी वाचकाने बायबलमधली एकच बाई निवडायची असेल तर मी रूथ सुचवेन. नवापूर-नंदुरबारकडच्या चर्चमध्ये तिचं नाव नवं नाही. स्वीडनहून आलेले मिशनरी त्या भागात विसाव्या शतकाच्या आरंभीच पोचले होते. तिचं पुस्तक चारच अध्यायांचं, पंच्याऐंशी वचनांचं. परमुलखातली विधवा सून विधवा सासूबरोबर सासूच्या गावी येते आणि पोट भरायला लोकांच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते. मागे पडलेली कणसं गरिबांसाठी राहू द्यावीत, असा तिथला कायदाच होता. भुईमूग निघाल्यावर रानात उकरत फिरणाऱ्या बायका ज्याने पाहिल्या आहेत त्याला रूथचं शेत समजावून सांगायला नको. पण कादंबरी रूथमध्ये नाही. ती आहे तिच्या जावेत. तिचं नाव ऑर्पा. दोघींत थोरली-धाकटी कोण ते ग्रंथ सांगत नाही, पण तीही विधवा, तीही सासूबरोबर निघालेली. वाटेत सासूच्या सांगण्यावरून ती रडते, मुका घेते आणि माहेरी परत फिरते. बस. शतकानुशतकं प्रवचनकारांनी रूथचे गोडवे गायले आणि ऑर्पाला परत गेलेली म्हणून सोडून दिलं. परत गेलेलीच्या घरी दाराशी काय झालं असेल, हे विचारायला बाईच हवी. (अमेरिकेतल्या ओप्रा विनफ्रे यांचं नाव मुळात या ऑर्पावरूनच ठेवलेलं, लोकांच्या तोंडी अक्षरं उलटी झाली.)

आणि बाईने विचारायचं तर खानदेशात त्याला कादंबरीची वाट पाहावी लागली नाही. आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जळगाव-धुळ्याकडच्या पोरी गौराई मांडतात. ही गौराई म्हणजे पार्वती. पण पुराणातली तप करणारी, शंकराला गूढ प्रश्न विचारणारी पार्वती नव्हे. ही माहेराला आलेली लेक आहे. लग्न झालेल्या मुली उन्हाळ्यात माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि झोक्यावर अहिराणीत गाणी चालतात. त्यांत गौराईला सासर आहे, तिथला जाच आहे, माहेरची ओढ आहे, आणि शंकर हा न्यायला आलेला जावई आहे, थोडा थट्टेचा विषयही. बहिणाबाई चौधरींनी आखजीवर कविता रचली ती या सणात वाढलेल्या बाईच्या अधिकाराने; अक्षर न शिकलेल्या त्या आसोद्याच्या लेकीची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवली म्हणून १९५२ मध्ये पुस्तक होऊ शकलं. पुराणाने पार्वतीला कैलास दिला, खानदेशाच्या पोरींनी तिला चार दिवसांची सुट्टी दिली. डायमंटच्या तंबूपेक्षा मला हा झोका जास्त खरा वाटतो, कारण त्यात सासर विसरायला लावलेलं नाही.

पण खानदेशातली खरी अवघड नायिका गौराई नव्हे. ती तापीकाठी आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून एदलाबाद असलेलं मुक्ताईनगर, कोथळी, मेहूण हा सगळा परिसर मुक्ताबाईचा. निवृत्ती, ज्ञानदेव आणि सोपान यांची ही धाकटी बहीण १२७९ च्या सुमारास जन्मली आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे १२९७ मध्ये वैशाख वद्य दशमीला इथे वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली. वय अठराच्या आसपास, आसनथच्या मनोऱ्यातल्या वयाइतकंच. दीनाचं सगळं उलटं इथे आहे. दीनाच्या आयुष्यात काय घडलं ते सांगितलंय आणि तिचा आवाज गायब आहे. मुक्ताईचा आवाज मात्र लख्ख आहे: ताटीचे अभंग आहेत, कूट अभंग आहेत, रागावून ताटी लावून बसलेल्या थोरल्या भावाला समजावणारी ठाम भाषा आहे. गायब आहे ते तिचं रोजचं जगणं.

जरा हिशेब करून पाहा. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा मुक्ता अकरा वर्षांची होती. आईबाप गेलेले, समाजाने वाळीत टाकलेलं घर. नऊ हजारांवर ओव्या सांगितल्या जात होत्या त्या काळात चुलीपाशी कोण होतं? केस कुणी विंचरून दिले, पहिल्यांदा कपडे खराब झाले तेव्हा तीन भावांच्या त्या घरात ती कुणाकडे गेली? वारकरी चरित्रांना हे प्रश्न पडत नाहीत, आणि पडायचं कारणही नाही. चांगदेवाचं कोरं पत्र, त्याला उत्तर म्हणून ज्ञानदेवांच्या पासष्ट ओव्या, आणि चौदाशे वर्षांचा म्हणवणाऱ्या त्या योग्याने शेवटी या पोरीला गुरू करणं, हे त्यांना पुरेसं अद्भुत आहे. तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे चांगदेवाचं देऊळ आजही उभं आहे, आणि आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते, मानाच्या पालख्यांत सगळ्यांत लांबून चालत येणाऱ्यांपैकी एक.

चरित्रकारांनी मुक्ताईला घरकामाचा एकच मोठा प्रसंग दिला: मांडे. निवृत्तीला मांडे खायची इच्छा होते, मुक्ता खापर आणायला निघते, गावातला विसोबा नावाचा एक जण कुंभारांना दटावतो आणि तिला कुणी खापर देत नाही. ती रडत परतते, ज्ञानदेव योगबळाने पाठ तापवतात आणि ती त्या पाठीवर मांडे भाजते. महाराष्ट्रात इतरत्र ही चमत्काराची गोष्ट म्हणून ऐकली जाते. खानदेशात मांडे आजही होतात. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं खापर, कोपरापर्यंत हातांवर झेलून पसरवलेली पुरणाची पोळी, आणि ती खापरावर टाकायचा तो एक क्षण. हे काम दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं नव्हे; त्याला हात बसावा लागतो, कुणीतरी शिकवावं लागतं. मग मुक्तेला मांडे करायला कुणी शिकवलं? आई तर नव्हती. गावात तिच्याशी बोलायचीच बंदी होती. म्हणजे कुठल्यातरी घरात, मागच्या दाराने, एखाद्या बाईने तिला जवळ बसवून शिकवलं असणार. त्या बाईला कुठल्याही पोथीत नाव नाही.

प्रभातच्या १९४० सालच्या 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटाने मुक्ताईला चेहरा दिला (त्यात ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक हे नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातले, हे सहसा कुणी सांगत नाही), गो. नी. दांडेकरांच्या 'मोगरा फुलला'ने त्या घराचं आयुष्य रंगवलं. तरी तिथेही केंद्र ज्ञानदेवच आहेत, आणि ते साहजिक आहे. मला वाटतं, मुक्ताईची कादंबरी कुणा खानदेशी बाईनेच लिहावी, आणि ती विजेपासून नव्हे तर खापरापासून सुरू करावी. एकच पथ्य पाळावं: तिच्या तोंडी आपल्या काळाची भाषणं घालू नयेत. बायबलवरच्या कित्येक कादंबऱ्या तिथेच फसल्या आहेत. नायिका तीन हजार वर्षांपूर्वीची आणि मतं मात्र कालच्या वर्तमानपत्रातली. मुक्ताईला तशी गरजही नाही, तिचे शब्द तिच्याकडे आहेत.

कुणाला या कामाची सुरुवात करायची असेल तर वैशाखात यावं. आखजी वैशाख शुद्ध तृतीयेला येते आणि मुक्ताईची तिथी वैशाख वद्य दशमीला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आतबाहेर. त्या काळात खानदेशात खापरं चुलीवर असतात, लेकी माहेरी असतात आणि कोथळीला वारकरी गोळा होतात; ज्यांना विचारायचं त्या सगळ्या बायका तेव्हा घरीच भेटतील.